कोर्टाची पायरी : जामीन झाला, पण माणूस घरी आला नाही

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं जामिनाची आहेत. म्हणून या वेळी वारस नोंदी आणि पोटगी बाजूला ठेवली आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी वकील नाही. ३१ वर्षं कोर्टात कारकुनी केली, त्यातली शेवटची नऊ फौजदारी बाजूला, जामिनाच्या टेबलावर. आता विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेवक म्हणून महिन्यातून दोनदा कारागृहात जाते. त्यामुळे हा कागद मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा धाकटा भाऊ मोटारसायकल चोरीच्या गुन्ह्यात आत आहे. सात आठवड्यांपूर्वी जामीन मंजूर झाला. आदेशात २५,००० रुपयांचा एक स्थानिक जामीनदार द्या असं आहे. आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. चुलते गावाहून सातबारा घेऊन आले, तर जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून त्यांना परत पाठवलं. कोर्टाबाहेर एक जण सहा हजारांत जामीनदार उभा करून देतो म्हणतो. देऊ का?
— एक बहीण, जालना

उत्तर : देऊ नका. सहा हजार तर जातीलच, वर भाऊ आणखी अडकेल. हे 'तयार जामीनदार' मी नऊ वर्षं पाहिले आहेत. इस्त्रीचा शर्ट, प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड आणि घरपट्टीची पावती, आणि आरोपीचं नाव तळहातावर पेनाने लिहिलेलं. साहेबांनी "याला किती वर्षांपासून ओळखता?" असं विचारलं की नजर आधी हाताकडे जायची. एकदा एकाच्या घामाने नाव पुसलं गेलं आणि त्याने स्वतःचंच नाव सांगितलं. सगळं कोर्ट हसलं. तो आरोपी मात्र त्या दिवशी सुटला नाही, आणि त्याच्या बायकोने दिलेले पैसेही परत आले नाहीत. जामीनदाराला आपण आजवर किती जणांसाठी जामीन राहिलो आहोत हे लिहून द्यावं लागतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे बीएनएसएसमध्ये, त्यासाठी कलम ४८६ आहे. तिथे खोटं लिहिलेलं निघालं तर पोलीस चौकशी तुमच्याही दारात येते.

आता तुमच्या चुलत्यांचं. सुप्रीम कोर्टात १९७८ साली असंच एक प्रकरण गेलं होतं, मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. मोती राम गवंडी होते. खालच्या कोर्टाने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी यावर चांगलंच सुनावलं, आणि मोती राम यांना १,००० रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. मी कोर्टात चिकटायच्या आधीचा हा निकाल, आणि मी निवृत्त झाले त्या दिवशीही चुलते परत पाठवले जात होते.

ते का, याचं एक कारण मी स्वतः आहे. आमच्या कॉम्प्युटरमध्ये जामिनाच्या आदेशाचा एक साचा होता. आरोपीचं नाव, गुन्हा नंबर आणि रक्कम तेवढी बदलायची. 'स्थानिक व सक्षम जामीनदार' हे शब्द साच्यातच होते. ते कोणी विचार करून घातलेले नसायचे, आणि कोणी विचार करून काढायचंही नाही. मी टाईप करायची, साहेब सही करायचे, संध्याकाळी तीस-पस्तीस आदेश उरकलेले असायचे. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कारागृहात गेले तेव्हा एक विशीतला मुलगा समोर येऊन बसला. मोबाईल चोरीचा गुन्हा. जामीन होऊन चार महिने अकरा दिवस झालेले. त्याने घडी घालून घालून फाटलेली आदेशाची प्रत काढली. रक्कम १५,०००, आणि खाली डाव्या कोपऱ्यात टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं. माझी.

असो. तुमच्याकडे तीन रस्ते आहेत, आणि तिन्ही एकाच अर्जात मागता येतात.

ज्या कोर्टाने जामीन दिला त्याच कोर्टात अट बदलून मागायची. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने याविषयी स्पष्ट सूचना दिल्या आहेत. अट पूर्ण झाली नाही म्हणून माणूस महिनाभर आतच राहिला, तर कोर्टाने स्वतःहून ते प्रकरण घेऊन अट शिथिल करता येते का ते पाहावं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, हेही त्यात आहे. तुमचे सात आठवडे झाले, म्हणजे महिना केव्हाच उलटला. 'स्वतःहून' या शब्दावर मात्र विसंबू नका, अर्ज द्याच. अर्जात चुलत्यांच्या सातबाऱ्याची प्रत जोडा, तुमच्या खोलीचा भाडेकरार किंवा मालकाचं पत्र जोडा, आणि भाऊ अटकेआधी कुठे कामाला होता त्या मालकाच्या चार ओळी मिळाल्या तर त्याही जोडा. रक्कम अवाजवी असता कामा नये असं कलम ४८४ सांगतं. त्या अर्जात घरातल्या सगळ्यांची मिळून कमाई किती ते आकड्यात लिहा. नुसतं 'आम्ही गरीब आहोत' लिहिलं की ते कोणी वाचत नाही.

दुसरा रस्ता जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्या असं मागण्याचा. कलम ४९० खाली कोर्ट तशी परवानगी देऊ शकतं. भाऊ तारखांना हजर राहिला तर खटला संपल्यावर हे पैसे परत मिळतात. पावती मात्र देवघरात ठेवा. पावती हरवली म्हणून स्वतःचेच पाच हजार सोडून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि तिसरा, मला सगळ्यात योग्य वाटणारा, जातमुचलक्याचा. म्हणजे भावाने स्वतःच लिहून द्यायचं की तारखेला आलो नाही तर इतकी रक्कम भरीन. जामीनदार नाही, रोकड नाही. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी हेच सांगितलं होतं. माणसाचं घरदार, काम, नाती इथे रुजलेली असतील आणि तो पळून जायची भीती नसेल, तर त्याला स्वतःच्या मुचलक्यावर सोडा. बिहारच्या तुरुंगांत तेव्हा असे लोक सापडले होते, ज्यांच्या गुन्ह्याला जेवढी शिक्षा होऊ शकली असती त्याहून जास्त काळ ते खटल्याविनाच आत होते.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. टोल-फ्री नंबर १५१०० आहे. तिथे 'गरीब कैद्यांसाठीची योजना' असं नाव घेऊन विचारा. केंद्राची २०२३ सालची योजना आहे, तिच्यात कच्च्या कैद्यासाठी, म्हणजे खटला संपायच्या आधी आत असलेल्यासाठी, जामिनाची रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार भरतं (२०२३ मध्ये ही मर्यादा ४०,००० रुपये होती). मनी लाँडरिंग, अमली पदार्थ, यूएपीए म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, भ्रष्टाचार असे गुन्हे त्यात बसत नाहीत. मोटारसायकल चोरी बसते.

प्रश्न : नवऱ्याला शेजाऱ्यांच्या भांडणात पकडलं. गुन्हा जामीनपात्र आहे असं पोलीसच म्हणाले. तरी जामीनदार नाही म्हणून आत पाठवलं. आज नऊ दिवस झाले.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : हे उत्तर छापून यायच्या आधीच तुम्हाला फोन केला आहे, तरी इतरांसाठी लिहिते. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. अटकेपासून एका आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर माणूस गरीब आहे असं धरूनच चालायचं आणि त्याला जातमुचलक्यावर सोडायचं. कलम ४७८ चं हेच स्पष्टीकरण आहे. दोन ओळींचा अर्ज पुरतो. आठवा दिवस उलटला की नवव्या दिवसाला कायद्यात जागाच नाही.

प्रश्न : माझा मुलगा जून २०२३ पासून येरवड्यात आहे. घरफोडीचा गुन्हा, आयुष्यातला पहिलाच. २६ महिने झाले. शेजारच्या मुलाने मोबाईलवर वाचून सांगितलं की पहिला गुन्हा असेल तर एक तृतीयांश शिक्षा झाली की सोडतात. ते दिवस मोजायचे कसे? वकीलसाहेब फोन उचलत नाहीत.
— एक आई, पुणे जिल्हा

उत्तर : आई, कागद-पेन्सिल घ्या, आपण मोजू.

शेजारच्या मुलाने बरोबर वाचलं आहे. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, तिच्या कलम ४७९ मध्ये हे आहे. गुन्ह्याला जी जास्तीत जास्त शिक्षा, तिच्या निम्मा काळ आत गेला की सोडायचं. आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलेला नसेल तर एक तृतीयांश काळ झाला की सोडायचं. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्यांना हे नाही. तुमचा गुन्हा २०२३ चा, म्हणजे जुन्या कायद्यातला, पण त्याची काळजी नको. जुन्या प्रकरणांनाही हे लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने २३ ऑगस्ट २०२४ ला सांगितलं.

आता दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट, काढा. पहिल्याच पानावर कलमं असतात. जुन्या भारतीय दंड संहितेचं नुसतं ३८० असेल, म्हणजे घरातली चोरी, तर जास्तीत जास्त ७ वर्षं. ७ वर्षांचे ८४ महिने, त्याचा तिसरा हिस्सा २८. म्हणजे तुमचे दोन महिने बाकी. पण घरफोडी म्हणताय आणि ती रात्रीची असेल, तर सोबत ४५७ असण्याची दाट शक्यता आहे. चोरीसाठी रात्री घर फोडलं तर त्या कलमाला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मग तिसरा हिस्सा होतो ५६ महिने, ४ वर्षं ८ महिने. पोलिसांनी एक कलम जास्तीचं लावलं की आईच्या पेन्सिलीला केवढी वाट बघावी लागते, ते यावरून कळेल. त्या कलमाला आधार आहे का, हे वकिलाने कोर्टात विचारायचं असतं. म्हणूनच फोन न उचलणारा वकील महाग पडतो.

या मोजणीत मुलाच्या बाजूने मुद्दाम लांबवलेल्या तारखा धरत नाहीत. आणि एक मोठी मेख आहे. त्याच्यावर दुसराही गुन्हा किंवा एकाहून जास्त केसेस चालू असतील तर हे कलम त्याच्या उपयोगाचं नाही. मला ही मेख पटत नाही. एका आठवड्यात तीन दुकानांत हात मारणारा पोरगा तीन एफआयआरचा धनी होतो, तिन्ही प्रकरणं कोवळीच असतात, आणि 'पहिला गुन्हा' ही सवलत त्याच्या हातून जाते. अशा पोरांचं पुढे आणखी एक होतं. प्रत्येक केसमध्ये वेगळा जामीनदार मागतात. सुप्रीम कोर्टात ऑगस्ट २०२४ मध्ये असा एक माणूस पोहोचला, ज्याला तेराच्या तेरा केसेसमध्ये जामीन झाला होता, पण तेवढे जामीनदार आणायचे कुठून म्हणून तो आतच होता. कोर्टाने त्याला तेच जामीनदार अनेक केसेसमध्ये वापरू दिले. जामीन राहायला माणूस शेवटी जवळचा नातेवाईक किंवा जुना मित्रच शोधणार, आणि असे कितीसे असतात?

मुदत भरली की कोर्टाला कळवायची जबाबदारी कारागृह अधीक्षकांची आहे, तीही कलम ४७९ मध्येच लिहिली आहे. शिवाय जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती असते. पुढच्या मुलाखतीला जाल तेव्हा मुलाला सांगा, की कारागृहातल्या विधी सेवा केंद्रात नाव नोंदव आणि 'माझं नाव आढावा समितीच्या यादीत आहे का' एवढं विचार. आणि आई, २८ महिन्यांची वाट बघत बसायची गरज नाही. नेहमीचा जामीन अर्ज आजही करता येतो, आधी एकदा फेटाळला गेला असला तरी. एवढा काळ गेला आणि खटला हलला नाही, हाच त्यातला नवा मुद्दा.

प्रश्न : महोदया, आपल्या सदरात नेहमी आरोपींचीच बाजू असते. माझ्या घरी चोरी झाली. पकडलेला इसम पंधरा दिवसांत आमच्याच गल्लीत फिरत होता. जामीनदार नको, पैसे नकोत, नुसत्या सहीवर सोडा असं आपण लिहिता. तो खटल्याला येणार कशावरून? आणि आम्ही काय दार लावून बसायचं?
— निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

उत्तर : गुरुजी, रागावून लिहिलंत ते बरं केलंत. ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांची पत्रं मला कमी येतात.

तुमचे प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळी. तो तारखेला येईल का, हा पहिला. तो मला त्रास देईल का, हा दुसरा. आपला सगळा घोळ असा की दोन्हीवर आपण एकच औषध देतो, जामीनदार. आणि ते दोन्हीकडे नीट लागू पडत नाही.

पहिला प्रश्न. आरोपी तारखेला येत नाहीत हे खरं आहे. का येत नाहीत, हे मी टेबलावर बसून पाहिलं. पळून गेलेले होते, नाही असं नाही. पण त्यांच्यापेक्षा जास्त होते ते चुकलेले. तारीख २३ ऐकली २५. कोर्ट खोली बदलली. पुकारा झाला तेव्हा खाली झेरॉक्स काढत होता. ऊसतोडीला जाणारं एक जोडपं माझ्या चांगलं लक्षात आहे. नवऱ्यावर मारामारीची केस. दसऱ्यानंतर टोळी कारखान्यावर गेली, तारीख पडली डिसेंबरात. मुकादमाकडून उचल घेतलेली, तो सोडतोय कशाला. अजामीनपात्र वॉरंट निघालं. हंगाम संपवून गावी आला तर पोलीस दारात. जामीन राहिलेल्या मेव्हण्याला वेगळी नोटीस. त्याला कोणी फोन करून सांगितलं असतं, किंवा तारीखच एप्रिलची दिली असती, तर यातलं काहीच झालं नसतं. त्याच्या मेव्हण्याचा सातबारा कोर्टाच्या फायलीत होता, पण सातबारा काही फोन करत नाही.

त्यानंतर मी एक करायला लागले. प्रत्येक आरोपीला पुढची तारीख चिठ्ठीवर मोठ्या आकड्यात लिहून द्यायची, वार घालून, आणि त्याच्याकडून एकदा म्हणून घ्यायची. सहकारी हसायचे, बालवाडी म्हणायचे. आता केस नंबर टाकला की मोबाईलवर तारीख दिसते, ही मोठीच सोय झाली. पण ते बघायचं कसं, हे आरोपीला सुटतानाच कोणीतरी दाखवायला हवं.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर. साक्षीदाराला धमकावणारा, फिर्यादीच्या दारात येऊन उभा राहणारा, पुरावा नाहीसा करू शकणारा असा आरोपी असतो, आणि त्याला आत ठेवण्याला माझा विरोध नाही. पण गुरुजी, अशा माणसाकडे जामीनदारांची कधीच टंचाई नसते. त्याच्यासाठी कोर्टाबाहेर चार गाड्या उभ्या असतात. जामीनदाराच्या अटीने तो अडत नाही. अडतो तो ऊसतोड्या. धमकावणाऱ्याला अडवायचा तर त्याच्याविषयी कोर्टापुढे माहिती जायला हवी. जामिनाच्या अर्जावर पीडिताला आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे, सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं आहे. तो तुमच्या गल्लीत नुसता राहतो की तुम्हाला त्रास देतो? त्रास देत असेल तर तारीख-वेळ लिहून ठेवा, पोलिसांत लेखी द्या, आणि सरकारी वकिलांना भेटून जामीन रद्द करण्याचा अर्ज करायला सांगा. या गल्लीत पाऊल ठेवायचं नाही, अशी अटही कोर्ट घालू शकतं.

तो नुसता राहत असेल, तर मात्र तो तुमच्याइतकाच त्या गल्लीतला आहे. गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. हे वाक्य तुम्हाला कोरडं वाटेल, ते मला माहीत आहे.

आणि आकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारातले तीन अजून दोषी ठरलेले नव्हते. शंभरांच्या जागेत सरासरी एकशे एकतीस माणसं झोपत होती. कुशीवर वळायचं तर शेजाऱ्यालाही वळावं लागतं, हे मला कैद्यांनीच सांगितलंय.

प्रश्न : मावशी, मी विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पायात जीपीएसचा पट्टा बांधून आरोपींना घरी ठेवावं, म्हणजे तुरुंगांवरचा ताण जाईल, असा निबंध लिहितेय. तुमचं मत?
— विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : निबंध लिही, पण पट्टा कोणाच्या पायात पडणार ते आधी बघ. जम्मू-काश्मीरमध्ये २०२३ मध्ये पोलिसांनी यूएपीएच्या एका आरोपीला तो बांधला, तो जामिनावर सुटत होता म्हणून. तिथे त्या पट्ट्याने माणूस खरंच तुरुंगाबाहेर राहिला असेल, तर समजू शकते. माझी भीती वेगळी आहे. जो माणूस नुसत्या सहीवर सुटला असता, त्याच्याही पायात तो येईल. सोय आली की ती साच्यात जाते, साच्याचं मी वर सांगितलंच. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने, आरोपीने मोबाईलवरून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दाखवत राहावं ही जामिनाची अट रद्द केली. फ्रँक व्हायटस यांचं प्रकरण, ते काढून वाच. सोबत २०२१ चा अपर्णा भट यांचा निकालही वाच. विनयभंगाच्या आरोपीने फिर्यादी बाईकडून राखी बांधून घ्यावी अशी अट एका कोर्टाने घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने मोडीत काढली. अट घालणाऱ्याची कल्पनाशक्ती किती लांब जाऊ शकते, ते त्यातून कळतं.

पर्याय शोधतेसच तर १९६१ मधल्या न्यूयॉर्ककडे बघ. मॅनहॅटनच्या कोर्टात व्हेरा फाउंडेशनने कायद्याच्या विद्यार्थ्यांना, म्हणजे तुझ्याच वयाच्या पोरांना, अटक झालेल्यांशी बोलायला बसवलं. कुठे राहतोस, किती वर्षं, काम काय, घरी कोण कोण, एवढंच विचारायचं आणि ते पडताळून न्यायाधीशांना द्यायचं. त्या माहितीवर हजारो जण पैसे न भरता सुटले, आणि मुद्दाम न आलेले शंभरात दोनही निघाले नाहीत. १९६६ चा अमेरिकेचा जामीन सुधारणा कायदा त्यातूनच आला. पुढे तिथे बराच उलटसुलट प्रवास झाला, तो तुझ्या निबंधात येईलच. इलिनॉय राज्याने १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीन पूर्ण बंद केला. आता तिथे आत ठेवायचं असेल तर सरकारी वकिलाला अर्ज करून कारण पटवून द्यावं लागतं.

आपल्याकडे २०१७ मध्ये विधी आयोगाने जामिनावर २६८ वा अहवाल दिला. २०२२ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जामिनासाठी वेगळा कायदा करण्याचा विचार करा, असं केंद्राला सांगितलं. नवी संहिता आली, वेगळा कायदा नाही आला. आणि तुला खरंच काही करायचं असेल तर पट्ट्यावर वीस पानं लिहिण्याऐवजी शनिवारी कारागृहातल्या केंद्रात ये. एका मुलाकडून पत्ता, मालकाचा नंबर आणि घरच्यांची माहिती घेऊन, तीन फोन करून ती पडताळायला मला चाळीस मिनिटं लागतात. तेवढ्या एका पानावर जातमुचलक्याचा अर्ज उभा राहतो. माझ्या साच्यातल्या त्या मुलासाठी आम्ही हेच केलं. भंगाराच्या दुकानाचा मालक फोनवर म्हणाला, "अहो, त्याचा पगारही द्यायचा राहिलाय माझ्याकडे." अर्ज बुधवारी दिला, शुक्रवारी आदेश झाला. आदेश कारागृहाच्या जामीनपेटीत पडेपर्यंत संध्याकाळची मोजणी होऊन बरॅक बंद झाली होती, म्हणून तो सुटला शनिवारी. दारातून बाहेर आल्यावर पुढची तारीख म्हणून घेतली त्याच्याकडून. दोनदा.

प्रश्न : मेव्हण्यासाठी मी जामीन राहिलो. आता त्याची लक्षणं ठीक दिसत नाहीत. मला यातून बाहेर पडता येईल का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : येईल. जामीनदाराला मुचलक्यातून मोकळं होण्यासाठी केव्हाही अर्ज करता येतो, कलम ४८९. पण अर्ज केला की कोर्ट मेव्हण्याला वॉरंट काढून बोलावतं, आणि त्याने दुसरा जामीनदार दिला नाही तर त्याची रवानगी आत होते. बहिणीला हे आधी सांगा, नंतर कळलं तर दिवाळी वेगळी होईल. जमलं तर मेव्हण्यालाच त्याच्या पुढच्या तारखेला सोबत घेऊन जा आणि त्याच दिवशी अर्ज द्या. दुसरा जामीनदार मिळत नसेल तर त्याच्या वकिलांकडून जातमुचलक्याचा अर्ज लिहून तयार ठेवा. तुमचा मूळ सातबारा किंवा रेशनकार्ड कोर्टात जमा असेल, किंवा त्यावर शिक्का मारला असेल, तर मुक्त झाल्याच्या आदेशाची प्रत घेऊन त्याच टेबलावर जा आणि नोंद रद्द करून घ्या. दुपारच्या सुट्टीआधी गेलात तर बरं.